आभाळ अळतंय

मृगाचा पाऊस धारवाडला सांगून येत नाही. गेल्या जून महिन्यातील एका सायंकाळी साडेचार वर्षांच्या नातीला चित्रकलेची वही आणि रंगीत खडू घेऊन देण्यासाठी आम्ही सुभाष रोडवर गेलो होतो. खरेदी आटोपून परत फिरतो न फिरतो तोच पावसाने गाठले. रस्त्यावरची गर्दी बघता बघता दुभंगली आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पायऱ्यांवर चढून उभी राहिली. भाजीवालीने टोपलीवर पोते ओढून घेतले. आम्हीही एका दुकानाच्या पत्र्याखाली आडोसा धरला. नात बराच वेळ मान वर करून पाहत होती. मग तिने आमचा हात ओढला आणि गंभीरपणे सांगितले, "अज्जा, आभाळ अळतंय."

दूरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करावयास हवा. कानडीत 'अळु' म्हणजे रडणे. आमची नात घरात मराठी बोलते, अंगणात कानडी बोलते, आणि शाळेत इंग्रजी बोलण्याचा सराव करते. घरात आम्ही तिचे आजोबा असतो; उंबरठा ओलांडला की अज्जा होतो. त्या दिवशी तिने कानडी धातूला मराठी प्रत्यय लावला आणि आभाळाला रडावयास लावले.

आम्ही काय करावे? आम्ही म्हणालो, "'अळतंय' नव्हे बाळ, 'रडतंय' म्हणावं. आणि आभाळ काही रडत नसतं. पाऊस पडतो."

एका दमात दोन दुरुस्त्या! पहिली व्याकरणाची, दुसरी सृष्टिविज्ञानाची. दोन्ही बिनचूक होत्या. नातीने मान खाली घातली, आणि पाऊस थांबेपर्यंत "घरी कधी जायचं?" एवढेच काय ते दोनदा विचारले. तिने काही हट्ट केला असता, रुसली असती, तर आमच्या लक्षातही आले नसते. परंतु ती मुकाट झाली, आणि ते मुकाट होणे आम्हांला घरी पोहोचल्यावरही सोडीना.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आम्हांला आणखी एक गोष्ट आठवली, आणि मग झोपच उडाली. ज्या रस्त्यावर उभे राहून आम्ही ही दुरुस्ती केली, त्याच रस्त्यावर मनोहर ग्रंथमाला आहे. कन्नड साहित्यात हा माळा प्रसिद्ध आहे. तिकडे त्याला 'अट्ट' म्हणतात. १९३३ साली सुरू झालेली ही प्रकाशनसंस्था जी. बी. जोशी यांनी प्रपंचासारखी चालविली, आणि कन्नडमधील कित्येक लेखक त्या माळ्यावर बसून बोलले, भांडले, एकमेकांची हस्तलिखिते वाचून मोठे झाले. गिरीश कार्नाड यांचे पहिले नाटक 'ययाति' १९६१ साली येथूनच पुस्तकरूपाने निघाले. कार्नाडांची मातृभाषा कोंकणी, सुरुवातीचे शिक्षण मराठीत, आणि नाटके लिहिली कन्नडमध्ये. पुढे २०११ साली त्यांचे आत्मचरित्रही याच ग्रंथमालेने काढले. त्याचे नाव 'आडाडत आयुष्य', म्हणजे खेळता खेळता आयुष्य. तीन भाषांत खेळत वाढलेल्या मुलाच्या पुस्तकांचे घर ज्या रस्त्यावर, त्याच रस्त्यावर दोन भाषांत खेळणाऱ्या एका मुलीचा खेळ आम्ही मोडला होता.

आणि कार्नाडांच्याही आधी या गावात दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे होऊन गेले. त्यांचा जन्म १८९६ सालचा, धारवाडचाच. घरची भाषा मराठी, गल्लीची भाषा कानडी. वडील लहानपणीच गेले. आई अंबव्वा हिने कष्टाने वाढविले. पुढे कवी झाल्यावर त्यांनी घेतलेले 'अंबिकातनयदत्त' हे नाव म्हणजे त्या माउलीची आठवणच होय. फर्ग्युसन कॉलेजात शिकण्यासाठी ते पुण्यास गेले. १९४४ ते १९५६ पर्यंत सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक होते. मराठीतही त्यांनी 'संवाद' सारखे पुस्तक लिहिले. परंतु ज्या कवितेसाठी सारा कर्नाटक त्यांना 'वरकवी' म्हणतो, ती त्यांनी धारवाडच्या गल्लीतल्या, बाजारातल्या, जात्यावरच्या कानडीत लिहिली. 'नाकु तंति' या संग्रहासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. 'नाकु तंति' म्हणजे चार तारा. साधनकेरीतील त्यांचे घर सुभाष रोडपासून फार लांब नाही, आणि तिथल्या पावसाळ्यावर त्यांची एक कविता इथल्या शाळकरी मुलांना अजून पाठ असते.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमची नात बेंद्रे होणार आहे असे आम्हांला सुचवावयाचे नाही. तसे म्हणणारे आजोबा आम्हांला चांगले ठाऊक आहेत आणि त्यांच्यापासून आम्ही चार हात दूर राहतो. म्हणणे एवढेच की, मराठी घरातल्या एका मुलाच्या जिभेवर दोन भाषा एकमेकींत मिसळल्या तर त्यातून काय उपजू शकते, याचा पुरावा आमच्या गावात, आमच्याच पायाखाली होता, आणि तरीही तोंडाला लागलेली सवय आमच्याच्याने आवरली नाही.

ही सवय कोठून येते याचा विचार केला. ती भीतीतून येते. आमच्या घराण्याची या गावातली ही चौथी पिढी. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. मराठी पत्रव्यवहार, मराठी नाटक, पुण्या-मुंबईशी जाणे-येणे हे सारे सहज होते. राज्यपुनर्रचनेनंतर रेषा निराळी आखली गेली आणि आम्ही जेथल्या तेथे राहूनही बाहेरचे झालो. तेव्हापासून आमच्यासारख्या घरांत मराठी ही निव्वळ भाषा राहिली नाही; ती देव्हाऱ्यातली समई झाली. वाऱ्याने विझू नये म्हणून तिच्याभोवती सतत हात धरावयाचा. मुलांच्या तोंडी एखादा कानडी शब्द आला की हात आपोआप पुढे होतो. इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत, तंजावरात राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा अनुभव परका नसावा; तेथे कानडीच्या जागी हिंदी, गुजराती, तेलुगू, तमिळ एवढाच फरक.

पण गंमत अशी की ज्या मराठीला आपण जपावयास निघालो तीच मुळी सोवळी नाही. अण्णा, अक्का, अप्पा ही घरातली हाक आपण कानडीकडून घेतली असे भाषेचे अभ्यासक सांगतात. पानसुपारीच्या तबकातला अडकित्ता कानडीतून आला. आणि ज्याच्या पायी सारा महाराष्ट्र चालत जातो त्या पंढरीच्या विठोबाला ज्ञानदेवांनीच 'कानडा' म्हटले आहे. मग साडेचार वर्षांच्या पोरीने एक धातू उसना घेतला तर समई विझेल हे भय आम्हांला का वाटावे?

मुलांची सर्जनशीलता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रकला, गाणे, नाच, हस्तकला अशा ठरावीक गोष्टी येतात. शिकवणीचे वर्ग निघतात तेही त्यांचेच. वास्तविक मुलाचे पहिले सर्जन शब्दांत असते आणि त्याला वर्ग लागत नाही. पातेल्याचे झाकण हातात आले की त्याची मोटार होते. आजीच्या नऊवारीच्या घड्यांत घर उभे राहते. येथे हुबळी-धारवाडच्या दरम्यान २०१८ पासून 'चिगरी' नावाच्या बसगाड्या धावू लागल्या. चिगरी म्हणजे हरीण. आमच्या नातीने पहिल्यांदा त्या बसमध्ये बसताना विचारले होते, "ही गवत कधी खाते?" तेव्हा मात्र, सुदैवाने, आम्हांला उत्तर सुचले नव्हते, म्हणून ती गोष्ट वाचली.

ही ईश्वरी देणगी आहे असे आपल्या घरांतून म्हणतात. आपल्या काव्यशास्त्रकारांनीही याचा पुष्कळ खल केला आहे. मम्मटाने काव्याच्या हेतूंत शक्ती पहिली सांगितली, आणि तिच्या जोडीला निपुणता आणि अभ्यास. शक्ती उपजत; उरलेली दोन मागून मिळवावयाची. परंतु आम्हांला या प्रसंगी अधिक उपयोगी वाटतो तो राजशेखर. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा पंडित आपल्या पूर्वजाला 'महाराष्ट्रचूडामणी' म्हणवीत असे, आणि स्वतः मात्र दूर कनोजच्या दरबारी राहिला. म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांत त्याची गणना करावयास आम्हांला हरकत दिसत नाही! त्याने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले: कारयित्री आणि भावयित्री. निर्माण करणारी ती कारयित्री, आणि निर्माण झालेले ओळखून घेणारी, त्याला दाद देणारी ती भावयित्री. दुसरीवाचून पहिलीचे श्रम वाया जातात, असा त्याचा आशय.

मुलाजवळ कारयित्री असते, याविषयी आम्हांला शंका नाही. ती देवाने वाटून दिलेली आहे, आणि वाटताना जात, पैसा, गुणपत्रिका पाहिलेली नाही. उणीव पडते ती आमच्याकडल्या भावयित्रीची.

आमच्या मातोश्रींजवळ ती होती. मातोश्री चौथीपर्यंत शिकलेल्या. राजशेखराचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीत आमचा मुलगा अंगणात किल्ला करीत असे. धारवाडची तांबडी माती, विटांचे तुकडे, पोत्यावर चिखल थापून केलेले कडे, वर आळीव पेरलेले. बेळगावहून आणलेले महाराज आणि मावळे बुरुजांवर मांडलेले. त्या वर्षी पाहतो तो किल्ल्याच्या पायथ्याशी आगपेटीची एक टपरी, आणि तिच्यावर पाटी: 'हुबळी-धारवाड बस स्टॉप'. आम्ही हसलो. शेजारचे एक गृहस्थ शिवकालात बस नव्हती हे समजावून सांगू लागले. मातोश्रींनी मात्र पदराला हात पुसत पुसत खाली वाकून सगळे नीट पाहिले आणि विचारले, "काय रे, महाराजांना तिकीट पडतं का?"

मुलगा विचारात पडला. जेवताना गप्प होता. संध्याकाळी पणत्या लावायच्या वेळी आजीजवळ जाऊन त्याने उत्तर दिले: "महाराज सगळ्या मावळ्यांचं तिकीट काढतात. स्वतःचं शेवटी काढतात."

आता याला इतिहास म्हणा, राज्यशास्त्र म्हणा, काहीही म्हणा. तो किल्ला आम्ही पुढे विसरलो, तो मुलगाही मोठा झाला आणि एका कचेरीत हिशेब तपासण्याच्या कामाला लागला. तो कवी झाला नाही, चित्रकार झाला नाही. 'त्याचे काही झाले नाही' असे कलेच्या बाबतीत कोणी म्हणेल. पण घरातला बिघडलेला मिक्सर, एकमेकांशी न बोलणारे दोन नातेवाईक, मुलीला न आवडणारी भाजी, यांपैकी कशावरही त्याला काहीतरी नवेच सुचते. त्या दिवाळीचा आणि याचा संबंध आहे असे सिद्ध करणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. आम्हांला तो दिसतो, इतकेच.

मातोश्रींनी 'वा वा, छान' म्हटले नाही हे आम्हांला आज विशेष वाटते. हल्ली स्तुतीला तोटा नाही. मुलाने रेघ ओढली की टाळी, दोन ओळी म्हटल्या की मोबाईल पुढे, आणि पाच मिनिटांत ते गाणे लंडनच्या मावशीपर्यंत पोहोचलेले. मूलही चतुर असते. त्याला कळते की टाळी कशाला मिळते, आणि मग ते तेच पुन्हा पुन्हा करते. मातोश्रींनी प्रश्न विचारला. त्या बस स्टॉपवर त्यांचा विश्वास बसला होता, निदान तेवढ्यापुरता.

स्तुतीच्या आणि प्रदर्शनाच्या धोक्याविषयी बोलताना आमच्याच मुलखातली एक हकीकत आठवते. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा मुलगा ध्वनिमुद्रिका ऐकून त्या त्या गवयाचे गाणे हरकती-मुरक्यांसकट जसेच्या तसे गाऊन दाखवीत असे. त्याला 'कुमार गंधर्व' ही पदवी लहानपणीच मिळाली, जलसे झाले, लोक थक्क झाले. ज्या वयात बाकीची मुले विटीदांडू खेळतात त्या वयात तो चमत्कार म्हणून गावोगाव फिरला. तेथेच सारे थांबले असते तर वय वाढताच चमत्कारही ओसरला असता. असे कितीतरी बालगंधर्व काळाने गिळले आहेत. परंतु हा मुलगा मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे गेला. तेथे निरनिराळ्या घराण्यांचे गाणे कानावर पडत होते, चर्चा होत होती. नक्कल करून दाखविण्यापेक्षा समजून घेण्याला मोल होते. पुढे क्षयाच्या आजारात, देवासला, गाण्याची बंदी असताना त्यांनी अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते ऐकली, आणि त्यांतून नवे राग उभे केले. हुबेहूब गाणारा मुलगा असे काही करील हे त्या पहिल्या टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कोणाला वाटले असेल काय?

आणि दुसरी एक माउली येथलीच. गंगूबाई हनगल यांचा जन्म १९१३ सालचा, धारवाडचा. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीचे गाणाऱ्या. मुलीचा कल हिंदुस्तानी संगीताकडे आहे असे दिसल्यावर, मुलीच्या कानावर दुसऱ्या पद्धतीचे संस्कार होऊन गोंधळ होऊ नये म्हणून त्या माउलीने स्वतःचे गाणे आवरते घेतले, अशी हकीकत सांगितली जाते. शिकविण्यासाठी काही सोडणारे पालक पुष्कळ. नोकरी सोडतात, गाव सोडतात. मुलीला तिचा सूर सापडावा म्हणून आपला सूर सोडणे हे निराळे आहे. आमच्यासारख्यांना साधा एक प्रत्ययही सोडवत नाही.

आता आमचा आणखी एक अपराध नोंदवून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवात मुलांच्या चित्रकला स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्हांला बसविले होते. विषय अर्थातच गणपती. पन्नासेक चित्रे आली. सोंड डावीकडे, मोदक उजवीकडे, खाली उंदीर, वर झालर. जणू एकाच शिकवणीत पन्नास वेळा काढलेले एकच चित्र. (त्यांपैकी बरीच खरोखरच एकाच शिकवणीतली होती.) त्यांत एका मुलाने गणपती पाठमोरा काढला होता. मोठी पाठ, दोन कानांच्या कडा, मुकुटाची मागली बाजू, आणि खाली वायरींचे जाळे. चेहरा नाही, सोंड नाही. आम्ही परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले, हसलो आणि तो कागद बाजूला ठेवला. बक्षीस एका नीटनेटक्या, सोनेरी चमकी लावलेल्या गणपतीला दिले. समारंभ संपल्यावर त्या पाठमोऱ्या गणपतीचा जनक खुर्च्या उचलताना दिसला. सहज विचारले, "काय रे, गणपतीचं तोंड कुठं गेलं?" तो म्हणाला, "मी मखराच्या मागं असतो, आजोबा. बाबा लायटिंग करतात ना, मी वायर धरतो. मला असाच दिसतो."

त्या सबंध स्पर्धेत देवाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मूल ते एकटेच होते. आम्ही त्याला उत्तेजनार्थसुद्धा काही दिले नाही. तेव्हापासून परीक्षक होण्याची निमंत्रणे आम्ही नाकारतो, आणि लोक त्याला आमची प्रकृती समजतात.

स्पर्धा वाईट, वर्ग वाईट, शिक्षण वाईट असे आम्हांला म्हणावयाचे नाही. मम्मटाने निपुणता आणि अभ्यास उगाच सांगितले नाहीत. तालमीवाचून गळा तयार होत नाही आणि व्याकरणावाचून भाषा टिकत नाही. प्रश्न वेळेचा आहे. अंकुर मातीतून डोके काढीत असताना त्याला काठी बांधावयाची नसते. साडेचार वर्षांच्या मुलीने 'अळतंय' म्हटले, तर ती सातव्या वर्षी आपोआप 'रडतंय' म्हणेल. पण आभाळाला काय होते आहे हे सांगण्याची तिची हौस सातव्या वर्षापर्यंत टिकली पाहिजे ना? समईचा मुद्दाही आम्ही आता उलट बाजूने पाहू लागलो आहोत. ज्या भाषेत खेळता येते, चुकता येते, ती भाषा मूल आपली मानते. जीत प्रत्येक वाक्याला छडी बसते तिच्यातून ते हळूच बाहेर पडते, आणि आजच्या दिवसांत बाहेर इंग्रजी दार उघडे ठेवून उभीच आहे. आपल्या कित्येक घरांत नातवंडे आजी-आजोबांना इंग्रजीत उत्तरे देतात. त्याचे खापर आपण शाळांवर फोडतो. थोडे आपल्या दुरुस्त्यांकडेही पाहावे.

मुलांना द्यावयाचे तरी काय? या बाबतीत ताराबाई मोडक यांच्याइतके साधे उत्तर दुसऱ्या कोणी दिल्याचे आम्हांला माहीत नाही. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सोबतीने बालशिक्षणाच्या कामात पडल्या. म्हणजे त्यांच्या कार्याची सुरुवातही महाराष्ट्राबाहेरचीच. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डीला, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम केले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. ती त्या मुलांपर्यंत पोहोचणार कशी? ताराबाईंनी शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या हीच साधने केली. मुले अंगणाबाहेर येत नव्हती तर शाळा अंगणात गेली. मुले गुरे राखायला कुरणात जात होती तर शाळा कुरणात गेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्यांतूनच आले. ताराबाई १९७३ साली गेल्या.

शहरातल्या तीन खोल्यांच्या घरात कुरण कोठून आणावे हा प्रश्न रास्त आहे. तरी रिकाम्या खोक्यांची, दोऱ्यांची, चिंध्यांची एक पेटी ठेवता येते. एक भिंत रेघोट्यांसाठी सोडून देता येते. दुपारचा एखादा तास असा ठेवता येतो की त्या वेळी मुलाने काहीही 'शिकू' नये. हे सांगताना आम्हांला सुनेची आठवण ठेवली पाहिजे. मुलांच्या सर्जनशीलतेवर लेख लिहिणारे आजोबा असतात. कणकेत मुरलेले खडू आणि न्हाणीघरात सांडलेला रंग निपटणारी तीच असते. म्हणून या घरात आम्ही नियम केला आहे की पसारा नातीने आणि आम्ही मिळून आवरावयाचा. कंबर दुखते, पण लेख लिहिण्याचा अधिकार राहतो.

त्या पावसानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा पाऊस आला. आम्ही घराच्या पडवीत बसलो होतो. चूक सुधारण्याची संधी आपण होऊन आली असे वाटून आम्ही आवाजात शक्य तितका सहजपणा आणून विचारले, "काय गं, आभाळाला काय झालं?"

"पाऊस पडतोय, आजोबा," ती म्हणाली. शुद्ध मराठी. आणि लगेच, बरोबर आले का हे पाहण्यासाठी, तिने आमच्या तोंडाकडे पाहिले.

आम्हांला काय वाटले ते लिहीत नाही.

ज्येष्ठाच्या शेवटी आमच्या भागात मण्णेत्तिन अमावास्या येते, मातीच्या बैलांची. महाराष्ट्रात पोळा श्रावणाच्या अमावास्येला होतो. इकडे पेरणीच्या दिवसांत मातीचे बैल करून पुजतात. हल्ली ते बाजारात तयार मिळतात, साच्यातले, सगळे एका तोंडवळ्याचे, आणि गेली काही वर्षे आम्हीही तेच आणत होतो. यंदा आम्ही बैल न आणता कुंभाराकडून मातीचा गोळा आणला. पडवीत पोते अंथरले, पाण्याची वाटी ठेवली, आणि आम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. ते वाचले नाही, हे कबूल करतो.

तासाभराने पाहिले तर दोन बैल तयार होते. एकाला पाय तीन, आणि चौथ्याच्या जागी तो भिंतीला टेकवलेला. त्याविषयी आम्ही काही बोललो नाही. दुसरा बसका होता, आणि त्याची मान पार वर, छपराकडे वळलेली. वर्तमानपत्र खाली ठेवून आम्ही विचारले, "हा वर का बघतोय?"

तिने आधी दाराकडे पाहिले. आत आई होती. मग आमच्याकडे पाहिले. मग बैलाच्या पाठीवरून बोट फिरवीत हळूच म्हणाली, "आभाळ अळतंय ना, म्हणून."

"किती वेळ अळणार गं?" आम्ही विचारले.

"मला काय ठाऊक? त्यालाच विचारा," असे म्हणून तिने बैल आमच्या हातावर ठेवला. शिंगे अजून ओली होती.